चि. मनूस, पडद्याच्या निमित्तानं

इचलकरंजी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

स्कूटीचं काल आईकडून कळलं. मला का सांगितलं नाहीस, ते विचारत नाही. गुडघा भरून येईल. पण नाइट ड्यूटी संपवून घरी येताना चालत्या गाडीवर डुलकी लागते म्हणजे… असो. मी पडद्याचं लिहायला बसलोय.

खोलीचा फोटो बघितला. खिडकी पूर्वेला, म्हणजे तू आडवी होतेस तेव्हाच ऊन तोंडावर. तो मागवलेला पडदा हातात धर आणि मागून मोबाइलचा टॉर्च लाव. उजेड दिसला तर तो ब्लॅकआउट नव्हे, पाकिटावर काहीही छापलेलं असो. खऱ्या ब्लॅकआउट कापडाच्या पाठीला लेप असतो, पांढऱ्या दोन थरांच्या मधे काळा. दुसरं एक येतं, त्यात काळं सूत विणतानाच मधे घालतात. ते अंगाला मऊ, धुवायला सोपं, पण कडक उन्हात थोडा उजेड सोडतं. तुला लेपाचंच घेऊ. फक्त ते मशीनमध्ये पिळायचं नाही, लेपाला भेगा पडतात.

आणि कापड कितीही चांगलं असलं तरी उजेड कडेनं शिरतो. रॉड चौकटीच्या दोन्ही बाजूंना सहा-आठ इंच बाहेर हवा, वरही तेवढाच. कड्यांचा पडदा नको, कड्यांच्या वरच्या फटीतून पट्टा येतो. बाजूच्या कडा वेलक्रोनं भिंतीला चिकटव. भोकं पाडायच्या आधी घरमालकांना विचार. काचेला काळा कागद मात्र लावू नकोस, तापून काच तडकू शकते.

मी रातपाळी करायचो तेव्हा आई खिडकीला अप्पांचं घोंगडं टांगायची. मागांचा खडखडाट कानातून जायचा नाही, पण त्या अंधारात डोळा लागायचा. तू चौथीत असशील. सकाळी तोंडावर बोट ठेवून उंबऱ्यात बसायचीस, दूधवाल्यालासुद्धा बोलू द्यायची नाहीस. तीच पोर आता आयसीयूत रात्रभर दुसऱ्यांचे श्वास मोजते. परवा चौकात ओळखीच्या एकाला हे सांगताना माझा आवाज बदलला.

मला रात्रभर मागावरून आल्यावर फक्त चालत घरी यायचं असायचं. तुझ्यासारखं ट्रकांच्या मधून गाडीवर नव्हे. रिक्षानं येत जा, मनू. पैसे मी टाकतो. गाडीच चालवायची तर आधी तिथंच वीस मिनिटं डोळे मीट. रिक्षानं येताना काळा चष्मा लावत जा. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन थांबतं, हे तूच मला सांगितलंस, शरीरातल्या घड्याळाच्या शोधाला मिळालेल्या २०१७ च्या नोबेलची बातमी दाखवून. मग स्वतः का पाळत नाहीस? उठल्यावर चहा, झोपायच्या आधी मोबाइल, जेवणाची वेळ नाही…

बघ, झालं सुरू माझं. नर्सला मी काय शिकवणार! रागावू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१९ मध्ये रातपाळीला पुन्हा ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं, ते वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. आईला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. आणि त्यात ही स्कूटी.

चौकटीची रुंदी आणि उंची इंचात पाठव, टेप लावून, अंदाजानं नको. चुण्यांसाठी रुंदीच्या दुप्पट कापड धरतो. शिवायला आईच बसेल. लेपाच्या कापडाला सुई बारीक लागते आणि उसवून पुन्हा शिवता येत नाही, जुन्या भोकांतून ऊन ठिपक्यांसारखं दिसतं. म्हणून माप एकदाच आणि नीट. लेप पाठीला असतो, दर्शनी बाजू कुठल्याही रंगाची मिळते. मंगळवारी कापड आणायला जाणार आहे, त्याआधी तुला कुठला रंग हवा ते कळव.

तुझे
पप्पा