त्या बाळाचा अहवाल वाडीत कधी येणार?

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स. न. वि. वि.

मी निवृत्त आरोग्यसेविका. गावात नर्सबाई म्हणतात. ३१ वर्षं उपकेंद्रावर काढली, २०२३ ला सुटले. खांद्याला व्हॅक्सिन कॅरिअर म्हणजे लशीचा थंड डबा, पिशवीत ड्यू लिस्ट म्हणजे डोस द्यायच्या बाळांची यादी आणि पायात प्लास्टिकची चप्पल, असं किती वाड्या फिरले याचा हिशेब नाही. पगार, पेन्शन याबद्दल हे पत्र नाही. एका बाळाबद्दल आहे.

आठ-दहा वर्षांपूर्वी एका वाडीत अडीच महिन्यांच्या मुलाला मी पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लशीचा, दुसरा डोस दिला. नेहमीचं सगळं सांगितलं. ताप येईल, मांडीला गाठ येईल, शेकू नका, हळद-चुना लावू नका, हे तापाचं औषध एवढंच पाजा. अर्धा तास अंगणवाडीत बसवून ठेवलं. जाताना बाळ हसत होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेलं.

मग जे व्हायला हवं ते सगळं झालं, हे प्रामाणिकपणे सांगते. मेडिकल ऑफिसर आले, जिल्ह्याची गाडी आली, व्हायल म्हणजे लशीची बाटली सील केली, माझा जबाब घेतला, बाळाला शवविच्छेदनाला नेलं. त्याच व्हायलमधून आणखी सात बाळांना डोस गेला होता, ती सगळी ठणठणीत. कागद जिल्ह्याच्या समितीकडून राज्याकडे गेले. पुढे काय निष्कर्ष निघाला, तो मला आजतागायत कुणी दाखवलेला नाही. एका मीटिंगमध्ये कुणीसं तोंडी म्हणालं, ‘लशीमुळे नव्हतं हो ते.’ कागद मागितला तर, ‘ते वर गेलंय.’

त्याची आई मला पाणवठ्यावर भेटली. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, ‘बाई, मग कशानं गेलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोबाइलकडे होतं. कुठल्या तरी गावाचा, कुठल्या तरी सालचा हिंदी व्हिडिओ त्या आठवड्यात वाडीतल्या प्रत्येक फोनवर पोचला. पुढच्या लसीकरणाच्या सेशनला ड्यू लिस्टमधली सहा बाळं आली नाहीत.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे मला कळतं. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना डोस असतात आणि याच वयात काही बाळं इतर कारणांनी दगावतात. त्यातली काही डोसनंतरच्या दोन-चार दिवसांत सापडणारच. पण फांदी कुजकी होती, हे घरच्यांना झाडाजवळ नेऊन कुणीतरी दाखवावं लागतं. आम्ही भिंतीवर पोस्टर लावलं : अफवांवर विश्वास ठेवू नका. त्याच्याखाली बसलेल्या एका आजीने विचारलं, ‘मग कशावर ठेवायचा, तेबी लिवा की.’

साहेब, हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचा इतिहास आपल्या मुंबईतच आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना ती टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले, आणि एकोणीसच्या एकोणीस एकाच बाटलीतले! खापर मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर फुटलं. खरं तर गावात ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच वापरला गेला, अशी साक्ष चौकशीच्या कागदांतच होती. ती उजेडात येऊन हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं, ते ठीक. पण मधली पाच वर्षं लोकांच्या मनात लसच गुन्हेगार होती.

चूक लशीची की टोचणाऱ्याची, हा फरक लोकांना समजतो, फक्त वेळेवर सांगावं लागतं. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. फार लाजिरवाणा प्रकार. पण लगेच कबूल केला गेला, मुलं रुग्णालयात ठेवली, बरी झाली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. त्या आठवड्यात मला दहा जणींनी विचारलं, ‘बाटली बघून पाजता ना?’ मी बाटली दाखवायची. विषय संपायचा.

याच्या उलट कोव्हिशिल्डचं झालं. २०२४ मध्ये टीव्हीवर बातमी आली की ॲस्ट्राझेनेका कंपनीने लंडनच्या न्यायालयात रक्ताच्या गाठींचा दुर्मिळ धोका कबूल केला. गावात एकच गलका : बघा, लपवलं होतं! माझ्या घरी लोक आले, मी डोस दिलेले. मुलाने शोधून दाखवलं की केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ लाच हे जाहीर केलं होतं. २६ संशयित प्रकरणं, दहा लाख डोसमागे ०.६१. कुठली लक्षणं दिसली तर तातडीने दाखवायचं, हेही त्यात होतं. म्हणजे लपवलं नव्हतं. पण तेव्हा मी रोज दीड-दोनशे माणसांना सुई देत होते आणि माझ्या उपकेंद्रात तो कागद मराठीत कधी आला नाही. श्वास लागणं, पाय सुजणं, सतत डोकं दुखणं, एवढी यादी भिंतीवर लावायला कितीसा खर्च होता?

सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात सांगितलं की कोणावर लशीची सक्ती करता येणार नाही. हे वाक्य व्हॉट्सॲपवर फार फिरलं. त्याच निकालात न्यायालयाने लसीकरण धोरण चुकीचं ठरवलं नाही, आणि दुष्परिणामांची नोंद सामान्य माणसाला व खासगी डॉक्टरला करता यावी, ती माहिती लोकांना पाहता यावी, असाही आदेश दिला. हे मात्र फिरलं नाही. फिरवायला हवं होतं आपण.

म्हणून मागणं सांगते. लशीनंतरच्या दुष्परिणामांची छाननी करणाऱ्या राष्ट्रीय समितीचे निष्कर्ष संकेतस्थळावर टाकतात म्हणे. इंग्रजी तक्ते, त्यात ए-वन, बी-वन अशी अक्षरं. ते वाडीच्या काय कामाचे? ज्या घरात बाळ गेलं त्या घरी मेडिकल ऑफिसरने निष्कर्ष घेऊन स्वतः जावं आणि मराठीत समजावून सांगावा. लशीमुळे झालं असेल तर तसं म्हणावं आणि भरपाई द्यावी. कारण सापडलं नसेल तर तेही म्हणावं, लोक ऐकून घेतात. नाव-गाव झाकून तोच कागद उपकेंद्राच्या भिंतीवर लावावा. आणि आशाताईंना दरमहा मीटिंगमध्ये आकडे भरायला शिकवता, तसं अवघड प्रश्नाला उत्तर द्यायलाही शिकवावं. बिचाऱ्या घाबरून ‘काही होत नाही’ म्हणतात, आणि रात्री बाळाला ताप चढला की खोट्या पडतात.

२०२२ च्या हिवाळ्यात गोवंडीत, मालेगावात, भिवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली. सगळा दोष अफवांचा नव्हता. कोविडच्या काळात आमचीच सेशन्स बुडाली होती, काही घरं कामासाठी जागा बदलत होती. पण ‘डोस नको’ म्हणणारी घरंही त्यात होती, आणि अशा प्रत्येक घरामागे एखादा न मिळालेला कागद असेल, असं मला वाटत राहतं.

वाडीतल्या त्या बाईला नंतर मुलगी झाली. तिला डोस द्यायचा की नाही यावर घरात दोन महिने वाद चालला. शेवटी ती एकटीच तिला घेऊन आली, सासूला न सांगता. मुलगी आता शाळेत जाते. भावाचा अहवाल कुठल्या कपाटात आहे तेवढं शोधायला सांगा. मला पाठवलात तरी चालेल, मी वाचून दाखवून येईन. वाडीची एसटी अजून सव्वानऊलाच सुटते.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका