काकूंचा ऑक्सिजन आणि तुझी धडधड

प्रिय संज्या,

तुझे मेसेज वाचले, काकूंच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९१ टक्के आला की तुझी गाळण उडते आणि मग दर दहा मिनिटांनी त्यांचं बोट त्या ऑक्सिमीटरच्या चिमट्यात. अरे झोपू दे की त्यांना! आयुष्यभर चुलीपुढे धूर खाल्लाय त्यांनी, त्यातूनच ही सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागायचा जुनाट आजार, झालीये असं डॉक्टर म्हणाले ना, मग त्यांचा आकडा तुझ्यामाझ्यासारखा ९५ च्या वर राहीलच असं नाही. या आजारात ऑक्सिजन लावायची वेळ आली तरी बऱ्याचदा ८८ ते ९२ च्या मधेच ठेवतात, कारण जास्त दिला तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. म्हणून डॉक्टरांना सरळ विचार, काकूंचा नेहमीचा आकडा किती धरायचा आणि किती खाली गेला की दवाखान्यात निघायचं, आणि ते फ्रिजवर चिकटवून ठेव. व्हॉट्सअपवरचा तक्ता नको.

आता मोजायचं कसं. आधी पाच मिनिटं शांत बसवायचं. हात गार असतील तर चोळून गरम करायचे, थंडीत बोटात रक्त कमी जातं मग मशीन काहीबाही दाखवतं. नेलपॉलिश, काळी मेंदी असलेलं बोट सोडायचं. नख वर, हात मांडीवर टेकवलेला, बोलायचं नाही, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, तू लावल्या लावल्या फोटो काढतोस तो काही खरा नाही. माझी एक युक्ती सांगतो, लावलेलं असतानाच मनगटाची नाडी मोज, मशीनवरच्या नाडीच्या आकड्याशी ती जुळत नसेल तर वरचा ऑक्सिजनचा आकडाही धरू नकोस. आणि मशीन उलटं धरून वाचू नको रे, ते इंग्रजी आकडे असतात, ८६ उलटा केला की चक्क ९८ दिसतो!

आत काही जादू नाही, एक लाल आणि एक इन्फ्रारेड दिवा बोटातून आरपार जातो, ऑक्सिजन असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळे शोषतं, त्यावरून हिशोब. नाडीच्या ठोक्यावरून तो हिशोब करायची आयडिया जपानच्या ताकुओ आओयागींची, १९७४ सालची. पण हा अंदाजच, दोनेक टक्के इकडेतिकडे होणार. २०२० मध्ये अमेरिकेतल्या पेशंटांच्या नोंदी तपासल्या तर काळ्या लोकांमध्ये ते गोऱ्यांपेक्षा जास्त वेळा खोटा चांगला आकडा दाखवत होतं, तेव्हा सावळ्या माणसानेही आकडा बरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

सगळ्यात महत्त्वाचं, थंडीत दारं लावून शेगडी पेटवता ना तुम्ही, ती बंद करा. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूने माणूस बेशुद्ध पडत असेल तरी मशीन ९८ दाखवू शकतं, त्याला तो वायू आणि ऑक्सिजन यातला फरकच कळत नाही. म्हणून आधी काकूंकडे बघ. ओठ निळसर, एक वाक्य एका दमात होत नाही, मानेच्या शिरा ताणल्यात, गुंगीत आहेत, मग आकडा काहीही असो, गाडी काढ.

मशीन जपायचं म्हणजे फार काही नाही. पाण्यात बुडवायचं नाही, त्यावर सॅनिटायझर फवारायचा नाही, स्पिरिटचा बोळा पिळून आतलं रबर आणि त्या दोन काचा पुसायच्या, वाळू द्यायचं. बरेच दिवस वापरणार नसशील तर सेल काढून ठेव, फुटले की स्प्रिंगा गंजतात आणि मग ऐन वेळी मशीन मेलेलं. कोविडच्या वेळी घेतलेली अशी किती मशीनं कपाटात सडली असतील देव जाणे! सेल उतरले की आकडे पण नाचतात, एक जोडी जास्तीची ठेव.

आता मला स्क्रीनशॉट पाठवणं बंद. दिवसातून दोनदा मोज आणि वहीत तारीख, वेळ, बसून मोजलं की चालून आल्यावर, एवढं लिही, पुढच्या व्हिजिटला तीच वही डॉक्टरांपुढे ठेव. काकूंना माझा नमस्कार सांग, आणि इनहेलर घेतल्यावर चूळ भरतात का तेही विचार.

तुझा,
नित्या