ब्लॅक फॉरेस्टमधली घोडी आणि आपली बैलजोडी

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "जर्मनीतली माणसं अजून घोडी लावून लाकूड ओढतात, आणि तुमचा दादा मला बैल विकून टिलर घ्यायला सांगतोय. आता बोल." तेवढ्यात रेंज गेली. पुन्हा लावला तर तुम्ही धारा काढायला गेलेलात. म्हणून हे पत्र. दादा प्रिंट काढून देईल. आईसाठी अक्षर मोठं ठेवलंय.

आधी घोडीबद्दल, कारण मी पाठवलेला फोटो बघून तुम्ही पहिला प्रश्न जातीचा विचारलात. ती ब्लॅक फॉरेस्टचीच, म्हणजे जर्मनीच्या नैऋत्येकडच्या या डोंगराळ जंगलपट्ट्यातलीच जात आहे. अंग गडद तपकिरी, कोळशाकडे झुकणारं, आणि आयाळ-शेपूट मात्र रुपेरी. खांद्याला दीड मीटरच्या आसपास, वजन सहाशे किलोच्या घरात. ओढकामाच्या युरोपी घोड्यांत ही लहानच म्हणायची. बेल्जियमची घोडी हिच्यापेक्षा कितीतरी थोराड. पण डोंगरात थोराडपणाचा उपयोग नाही, हे इथल्या शेतकऱ्यांना कधीच कळलं होतं. एकोणिसाव्या शतकात सरकारने वरून हुकूम काढला की बाहेरच्या जड जातीचे घोडे लावून जात 'सुधारा'. लोकांनी होय होय म्हटलं आणि चोरून आपलेच घोडे लावले. शेवटी 1896 मध्ये झांक्ट मेर्गेन या डोंगरातल्या गावी त्यांनी पैदाशीची स्वतःची सहकारी संस्था काढली. सहकार म्हटल्यावर तुम्हाला बरं वाटेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

इथे शेताची वाटणी होत नाही. अख्खं शेत, घर, गुरं आणि मागचं खाजगी जंगल एकाच वारसाला जातं, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे बऱ्याच ठिकाणी तो वारस म्हणजे धाकटा मुलगा. (दादाला हे वाचून दाखवू नका.) त्यामुळे प्रत्येक घराकडे जंगलाचा बऱ्यापैकी तुकडा, आणि उन्हाळ्यात गवत नि हिवाळ्यात ओंडके ओढायला घोडा लागायचाच. मग ट्रॅक्टर आले. जात इतकी खाली आली की 1981 मध्ये पैदाशीच्या घोड्या जेमतेम एकशेसाठ उरल्या. आता तो आकडा कित्येक पटींनी वाढलाय, तरी नाव धोक्यातल्या जातींच्या यादीत आहेच. वळू घोडे मारबाखच्या सरकारी पैदास केंद्रात ठेवतात. ते केंद्र पाचशे वर्षांपेक्षा जुनं आहे. झांक्ट मेर्गेनला दर तीन वर्षांनी घोड्यांचा उत्सव भरतो. आपल्या बेंदरासारखाच थाट, फक्त पुरणपोळीच्या जागी बिअर.

आता तुमचा खरा प्रश्न. मशीन असताना घोडं कशाला?

हौस म्हणून तर अजिबात नाही. इथे झाड तोडून, फांद्या साळून, तुकडे करणारं एकच मशीन असतं. वजन वीस टनांच्या आसपास. ते जिथून जातं तिथली माती इतकी दबते की पुढची कित्येक दशकं मुळांना हवा मिळत नाही, पाणी मुरत नाही. म्हणून त्याला सगळ्या जंगलात फिरू देत नाहीत. ठरलेल्या पट्ट्या आखतात, मशीन त्यांवरूनच चालणार. त्याचा हात दोन्ही बाजूंना साधारण दहा मीटर पोचतो. पट्ट्या वीस मीटरवर असल्या तर सगळं जंगल हाताखाली येतं. पण माती जपायची म्हणून पट्ट्या चाळीस मीटरवर नेल्या, की मधला वीस मीटरचा भाग मशीनला मिळत नाही. तिथलं झाड माणूस करवतीने पाडतो आणि घोडी ओंडका पट्टीच्या कडेपर्यंत आणून टाकते. तिथून पुढे मशीन. म्हणजे घोडी मशीनच्या जागी नाहीच, ती मशीनच्या जोडीला आहे. सगळीकडे तीही चालत नाही. फार उभा उतार असला की तारेवरून ओंडके उतरवतात, आणि मोठ्या जाड खोडांना तिला कुणी हातही लावू देत नाही.

माझ्या ऑफिसमधल्या एकीचे मामा हे काम करतात, त्यांच्याबरोबर गेले होते. तुम्ही असता तर दिवसभर हलला नसता. घोडीच्या गळ्यात चामड्याचा जाड पट्टा, त्याला दोन्ही बाजूंनी साखळ्या, मागे एक आडवी दांडी, दांडीला ओंडक्याचा फास. मामांच्या हातात एकच कासरा, तोही ढिला. सगळं काम तोंडाने: 'हॉट' म्हटलं की उजवीकडे, 'ब्र्र' म्हटलं की थांब. एका ठिकाणी ओंडका बुंध्याला अडकला. मला वाटलं आता ती जोर लावणार. ती थांबली. साखळी सैल पडेल एवढी अर्धं पाऊल मागे आली आणि कान मागे वळवून उभी राहिली. मामांनी लोखंडी आकडीने ओंडका थोडा कुशीवर वळवला, जीभ टाळ्याला लावून 'टक्' केलं, आणि ती तिरकी निघाली. वाटेत गुडघ्याएवढी सूचिपर्णी रोपं होती, त्यांच्या मधून पाय टाकत. जुन्या एकसुरी लागवडीला वादळ आणि भुंगेरे लागून इथे फार नुकसान झालंय. 26 डिसेंबर 1999 च्या वादळाची गोष्ट लोक अजून सांगतात. त्यामुळे आता आपोआप रुजलेल्या रोपाला फार जपतात.

मामांनी मला सारखं ओंडक्याच्या वरच्या अंगाला उभं केलं. खालच्या बाजूला कुणी थांबायचं नाही, ओंडका घरंगळला तर पाय जातो. आई, मी वरच्याच बाजूला होते.

तर बाबा, बैलांचं. मामांना मी विचारलं, अडचण कशाची आहे? पैशाची म्हणतील असं वाटलेलं, कारण घोडीचं काम मशीनपेक्षा महाग पडतंच. ते म्हणाले, घोडी मिळते, कासरा धरणारं माणूस मिळत नाही. त्यांच्या स्वतःच्या मुलाने ट्रकचं लायसन काढलंय. जनावर चांगलं तयार व्हायला दोन-तीन वर्षं, माणूस तयार व्हायला त्याहून जास्त, आणि रविवार असो, दिवाळी असो, दाणावैरण चुकत नाही.

आपल्या वरच्या खाचरांत टिलर नीट वळत नाही, हे तुमचं म्हणणं मला पटतं. तिथे औतच लागतं. पण औत धरणार कोण? तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी दोनदा पुढे ढकललंय आणि दादा बँकेतून सहाला येतो. म्हणून माझं मत असं: जोडी बाजारात नेऊ नका. वाडीतल्या ज्या पोराला तुम्ही गेल्या वर्षी चिखलणी शिकवलीत, त्यालाच द्या, पैसे हप्त्याने घ्या, आणि आपल्या वरच्या खाचरांचं औत त्याच्याकडून करून घ्या. खालच्या शेतात दादाचा टिलर येऊ दे. दादाशी मी बोलले आहे, त्याची हरकत नाही. तुम्ही बांधावर बसून पोराला शिव्या द्यायच्या, तेवढं तुम्हाला जमेल.

घोडीच्या नालाचा फोटो वेगळा पाठवतेय. खाली लोखंडी खुंट्या आहेत बघा, बर्फात घसरू नये म्हणून. आपल्या बैलांच्या पत्र्या मारणाऱ्यांना दाखवा आणि ते काय म्हणतात ते मला कळवा.

आई, थंडी कमी झाली आहे. लोकरीचे मोजे पुन्हा पाठवू नकोस, आधीचे दोन जोड अजून कोरे आहेत. मेतकूट मात्र संपलंय. रोह्याला जाशील तेव्हा मावशीकडून आण. आणि पेरणीच्या आधी बाबांना ऑपरेशनची तारीख घ्यायला लाव, नंतर ते ऐकणार नाहीत.

तुमची,
धाकटी