उलटवलेला निकाल आणि न्यायाधीशाची कारकीर्द

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

न्यायाधीशाच्या कारकिर्दीचा आढावा घेताना तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला का आणि वरच्या न्यायालयात त्याचे किती निकाल टिकले, एवढेच आपण पाहतो. ही फूटपट्टी मला फार तोकडी वाटते. अमेरिकेतील न्यायाधीश फ्रँक एम. जॉन्सन यांचेच पाहा.

अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहराच्या बसगाड्यांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५६ च्या निकालात जिल्हा न्यायाधीश या नात्याने त्यांचा सहभाग होता. अशा निकालांपायी त्यांच्या घरासमोर धमकी म्हणून क्रूस जाळण्यात आला आणि १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरी बॉम्बस्फोट झाला, तरी ते अलाबामा सोडून गेले नाहीत. हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. १९७९ पासून अपील न्यायालयात त्यांनी केलेल्या कामाची मात्र फारशी वाच्यता होत नाही.

अटलांटातील एका तरुणाला १९८२ मध्ये पोलिसाने त्याच्याच शयनगृहात शिरून अटक केली. दुसऱ्या प्रौढ पुरुषाशी संमतीने ठेवलेला संबंध जॉर्जियाच्या कायद्याने गुन्हा होता आणि त्याला वीस वर्षांपर्यंत शिक्षा होती. या कायद्याला त्या तरुणाने आव्हान दिले, तेव्हा घराच्या चार भिंतींआड चाललेल्या या खासगी व्यवहारात हात घालायचा असेल तर सरकारने तसे सबळ कारण सिद्ध करावे, असा बहुमताचा निकाल जॉन्सन यांनी १९८५ मध्ये लिहिला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी उलटवला. त्या पाचांपैकी न्यायमूर्ती पॉवेल यांनी निवृत्तीनंतर, १९९० मध्ये, आपले मत बहुधा चुकल्याची कबुली दिली, आणि २००३ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने आपला १९८६ चा निर्णय मुळातच चुकीचा होता असे म्हटले. जॉन्सन १९९९ मध्येच वारले होते. वर सांगितलेल्या फूटपट्टीने मोजले तर त्यांच्या खात्यावर ही हारच मांडली गेली असती.

आपल्याकडेही दिल्ली उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या खंडपीठाने २००९ मध्ये प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंधही गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्ध दिलेला निकाल २०१३ मध्ये रद्द झाला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जवळपास तीच भूमिका घेतली. शहा सर्वोच्च न्यायालयात गेले नाहीत.

निवृत्त होणाऱ्या न्यायाधीशांवर आपले दैनिक परिचयलेख छापते. त्यांत पदांची यादी थोडी आटोपती घेऊन त्यांचा एखादा उलटवला गेलेला निकाल कारणांसह छापावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सातारा