आमच्या कमिटीत वाईट माणूस कोणीच नव्हता

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पानावर एका वाचकांचं पत्र होतं, की भेदभाव हा माणसाच्या मनात असतो, मन साफ ठेवलं की विषय संपला, आणि हे 'सिस्टिमिक रेसिझम' (म्हणजे माणसाच्या मनात नाही, तर नियम आणि व्यवस्थेतच बसलेला वंशभेद) वगैरे अमेरिकेतून उचलून आणलेलं खूळ आहे. वाचून राग नाही आला, कारण काही वर्षांपूर्वी मी पण हेच म्हणायचे. मी कांदिवली पूर्वेला राहते, बँकेतून रिटायर झाले आणि मग आठ वर्षं आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते (हौस म्हणून नाही हो, कोणीच तयार नव्हतं म्हणून). जे काही कळलं ते त्या खुर्चीत बसून कळलं, म्हणून लिहितेय.

2022 ची गोष्ट. सी विंगमधल्या एका मालकांना फ्लॅट भाड्याने द्यायचा होता, ते पुण्याला शिफ्ट झाले होते. ब्रोकर दोन मुलींना घेऊन आला, मिझोरामच्या, दोघी जवळच्याच एका हॉस्पिटलात नर्स. आधार कार्ड, हॉस्पिटलचं पत्र, डिपॉझिटचा चेक, सगळं फाईलमध्ये नीट लावलेलं, आमच्या निम्म्या मेंबरांची कागदपत्रं एवढी व्यवस्थित नसतात. फक्त आमच्या फॉर्मच्या दुसऱ्या पानावर एक रकाना आहे, 'ओळख देणाऱ्या दोन सभासदांची नावे व सह्या', तो रिकामा होता. आता मिझोरामहून आलेल्या मुलीला कांदिवलीत आमच्याच बिल्डिंगमधले दोन मेंबर कुठून माहीत असणार?

कमिटी मीटिंगमध्ये हा विषय पाच मिनिटं चालला. आमचे खजिनदार, खरंच सज्जन माणूस, त्यांची आई कोविडमध्ये सतरा दिवस अॅडमिट होती, ते म्हणाले की अशाच पोरींनी माझ्या आईचं सगळं केलं, अगदी वेणीसुद्धा घालून द्यायच्या. बोलताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. आणि पुढच्याच वाक्याला म्हणाले, "पण एकदा नियमाला अपवाद केला की उद्या ब्रोकर कोणालाही आणून बसवेल." सगळ्यांनी माना डोलावल्या, मी पण. मिनिट्समध्ये मी माझ्या हातानं लिहिलं, 'अर्ज अपूर्ण असल्याने विचारात घेता आला नाही', खाली सही केली, आणि आम्ही पाण्याच्या टाकीच्या विषयाकडे वळलो.

आता आमच्याकडे बी विंगमध्ये एक आजोबा आहेत. नॉर्थ ईस्टचा कोणीही दिसला की तोंडावर 'चायनीज' म्हणतात, कामवाल्या बाईनं लिफ्ट वापरली की खाली येऊन आरडाओरडा करतात. सोसायटीत कोणालाही विचारा की इथे भेदभाव करणारं कोण, तर बोट त्यांच्याकडेच जाणार. पण गंमत बघा, हे आजोबा कमिटीवर नाहीत, आणि मेंटेनन्सची थकबाकी एवढी की त्यांना इलेक्शनला उभंही राहता येत नाही. त्या दोन मुलींना घर मिळालं नाही त्यात त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, त्यांना पत्ताच नव्हता असा कुठला अर्ज आला होता ते. घर नाकारलं ते आम्ही, चहा पीत, कोणाबद्दल एक वाईट शब्द न काढता.

माझ्या मते फरक तो इथेच आहे. आजोबांचा तो पूर्वग्रह, आणि आमच्या फॉर्मचं दुसरं पान ती सिस्टीम. आजोबा उद्या सुधारले तरी ते पान तिथेच राहणार.

ही कल्पना काही माझी नाही, अमेरिकेत 1967 मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे स्टोकली कारमायकल आणि राज्यशास्त्राचे अभ्यासक चार्ल्स हॅमिल्टन या दोघांनी ती मांडली. उदाहरण बर्मिंगहॅम शहराचं होतं. तिथे 1963 मध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी चर्चमध्ये बॉम्ब ठेवला, चार काळ्या मुली गेल्या, सगळीकडून निषेध झाला. पण त्याच शहरात तेव्हा दरवर्षी शेकड्यानं काळी बाळं नीट अन्न, घर, औषधपाणी नाही म्हणून मरत होती, त्याचा निषेध कोण करणार आणि कोणाविरुद्ध, तिथे बॉम्ब ठेवणारा कोणी सापडतच नाही.

घरांचं म्हणाल तर अमेरिकेची कहाणी आमच्या रजिस्टरपेक्षा फार मोठी आहे, पण वाचताना मला सारखं आमचं ऑफिसचं कपाट आठवत होतं. 1933 मध्ये तिथल्या सरकारनं कर्जात बुडालेल्या घरमालकांना वाचवायला एक महामंडळ काढलं, उद्देश चांगलाच होता. त्या महामंडळानं दोनशेच्या वर शहरांचे नकाशे रंगवले, हिरवा म्हणजे उत्तम वस्ती, मग निळा, पिवळा, आणि लाल म्हणजे धोक्याची. काळे लोक राहतात ती वस्ती जवळजवळ ठरलेली लाल. पुढच्याच वर्षी घरकर्जाला सरकारी हमी देणारं खातं निघालं, त्यांचा हिशोबही तोच, काळ्यांच्या वस्तीत हमी नाही, म्हणजे तिथे बँकेचं कर्ज मिळणं मुश्किल. काउंटरवरचा क्लार्क स्वभावानं अगदी देवमाणूस असला तरी काय करणार. मी बँकेत तीस वर्षं काढलीत, सर्क्युलर आलं की आपण सर्क्युलरप्रमाणे चालतो, झोपही नीट लागते.

1968 मध्ये कायदा करून हे बंद झालं. मग आता काय राहिलं, असं विचारणारे तिथेही खूप आहेत. त्यांना मुंबईकरानं उत्तर द्यावं. ज्याच्या बापानं 1970 च्या आसपास पार्ल्यात वन रूम किचन घेऊन ठेवलं त्याचं पोर आज कुठे आहे आणि ज्याच्या बापाला तेव्हा कोणी घर दिलंच नाही त्याचं पोर कुठे आहे, हे आपल्याला वेगळं सांगायला लागतं का? दोघं सारखेच हुशार असतील, सारखेच कष्टाळू असतील. तिथे तर शाळांना मिळणाऱ्या पैशाचा मोठा हिस्सा त्या भागातल्या घरपट्टीतून येतो, म्हणजे घरांची किंमत कमी तर शाळेचा पैसाही कमी. कायदा बदलून पन्नासच्या वर वर्षं झाली तरी नकाशाचा रंग असा खाली झिरपत राहतो.

आणि मन नसलं तरी भेदभाव होतो हे कोणाला पटत नसेल तर ऑक्सिमीटर बघा. कोविडमध्ये सोसायटीनं घेतलेले दोन अजून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडलेत, एकाचे सेल गळलेत. त्या चिमट्याला काय जात आणि काय रंग, मनच नाही त्याला. पण तो बोटातून उजेड पाठवून ऑक्सिजन मोजतो आणि त्वचेतलं रंगद्रव्य त्या उजेडाच्या मधे येतं, शिवाय ही यंत्रं बेतली तपासली गेली ती बहुतेक गोऱ्या कातडीवर. डिसेंबर 2020 मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी आकडे छापले, ऑक्सिमीटर 92 ते 96 दाखवत असताना रक्त तपासलं तर प्रत्यक्षात ऑक्सिजन 88 च्या खाली, असे काळे रुग्ण शंभरात जवळपास 12 निघाले आणि गोरे साधारण 4. म्हणजे आकडा ठीक आहे बघून परत पाठवलं जायची शक्यता कोणाची जास्त, ते तुम्हीच बघा. आम्ही तर घरोघरी फिरून तोच आकडा वहीत लिहित होतो.

आपल्याकडे वंशाच्या जागी जात, धर्म, प्रांत असं सगळं एकत्र येतं, त्यामुळे अमेरिकेचं जसंच्या तसं इथे चिकटवू नये हे मला मान्य आहे. पण यंत्र चालतं तसंच. घटनेचं कलम 15 काढून बघा, दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते इथे कोणाला अडवायचं नाही असं लिहिलंय, भाड्याच्या घराचं नाव त्यात नाही. 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी हाउसिंग सोसायटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फक्त पारशांनाच मेंबर करण्याचा बायलॉ सोसायटी ठेवू शकते. पारशी छोटासा समाज, त्यांची काळजी समजते. पण हाच दरवाजा मोठ्या समाजांनाही उघडा राहिला. आणि सफाई कामगारांचं बघा, लाड-पागे समितीच्या शिफारशीनं वारसाला नोकरी मिळते, ती त्या कुटुंबांच्या कळवळ्यापोटीच आलेली आहे, ती काढून घ्या असं म्हणायची माझी अजिबात हिंमत नाही. पण नोकरीबरोबर मिळालेली क्वार्टरमधली खोली टिकवायची तर घरातल्या कोणीतरी झाडू हातात घ्यायचा, मग तो बी.कॉम. का असेना. यात खलनायक शोधून दाखवा.

आमचा तो दोन सह्यांचा रकाना तरी कुठून आला? 26/11 नंतर. सगळे घाबरलेले, पोलीस म्हणत होते भाडेकरूंची माहिती ठेवा, तेव्हाच्या कमिटीनं चांगल्या मनानं नियम केला. 2023 मध्ये चार्ज देताना मी भाडेकरूंचं रजिस्टर पहिल्या पानापासून चाळलं, सहज म्हणून. आडनावं वाचत गेले. चौदा वर्षांची पानं आणि फिरून फिरून त्याच चार-पाच समाजांची आडनावं, आमच्याच ओळखीतली. एक मुसलमान नाव नाही. जात कुठल्याही रकान्यात विचारलेली नाही, तरी रजिस्टर सगळं सांगत होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना जागा नाकारल्याचा व्हिडिओ आला. आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप पेटला, मीही तीन ठिकाणी फॉरवर्ड केला, राग खराच होता. प्रकरण माफीपर्यंत गेलं, सगळ्यांना बरं वाटलं. रात्री मला सी विंग आठवली. आमच्याकडून माफी कोण मागणार होतं, 'अर्ज अपूर्ण' होता ना.

त्या मुली मग कुठे गेल्या मला माहीत नाही. मालकांनी महिन्याभरात फ्लॅट दुसऱ्यांना दिला, तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या भाच्याला, दोन्ही सह्या दहा मिनिटांत.

तेव्हा वाचक महाशयांना एवढंच सांगायचंय, तुमचं मन साफ आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण एकदा तुमच्या सोसायटीचा फॉर्म मागवून बघा. मी आमच्या एजीएमसाठी लेखी विषय दिलाय, तो रकाना काढून टाकायचा आणि पोलिसांकडे दिलेली माहिती पुरेशी धरायची. अजेंडा आला, माझा विषय नववा आहे, पार्किंगच्या नंतर. आमच्याकडे पार्किंगवर दीड तास भांडण होतं आणि मग समोसे येतात, त्यानंतर हॉलमध्ये कोरमपुरतीही माणसं उरत नाहीत. म्हणून मी विषय चौथ्या नंबरवर घ्या असं पत्र नव्या सेक्रेटरींना दिलंय. त्यांनी पोच दिली आहे.

आपली,
एक माजी सेक्रेटरी, कांदिवली (पूर्व)