पावणेदहा ते सव्वासहा, आजीजवळ कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

म्हाताऱ्या आई-वडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या मुलांविषयीचा लेख आपल्या अंकात वाचला. त्यातला संताप रास्त आहे. पण तो वाचताना मी सासूबाईंच्या पलंगाशी बसले होते. ज्यांनी सोडलेले नाही त्यांच्या घरात काय चालते, तेही एकदा छापून यावे असे वाटले, म्हणून हे पत्र.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. मी सरकारी कार्यालयात लिपिक आहे, वेळ पावणेदहा ते सव्वासहा. यजमान मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. मुलगी पुण्यात नोकरीला, मुलगा पदवी घेऊन घरीच राज्यसेवेचा अभ्यास करतो. सासूबाई ८३ वर्षांच्या. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. गेल्या वर्षी गौरी बसायच्या आदल्या दिवशी त्या न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. मिरजेत शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. दहाव्या दिवशी घरी आणले.

तोवर दवाखान्यात सगळे होते. परिचारिका होत्या, डॉक्टर दोनदा येत होते. घरी आल्यावर दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर, पेज भरवणे, गोळ्यांच्या वेळा, आणि रात्री "मला माझ्या घरी न्या" म्हणून रडणाऱ्या आत्यांना हेच तुमचे घर आहे हे पटवणे. पडण्यापूर्वीही थोडे विसरायच्या. आता माझे नावही कधी कधी सापडत नाही त्यांना.

माणूस ठेवायचे ठरवले. बारा तासांच्या बाईचे दिवसाला सातशे रुपये, म्हणजे महिन्याचे एकवीस हजार. यजमानांचा पगार त्याहून कमी आहे. तरी तीन महिने ठेवले, निम्मे पैसे मुलगी पाठवायची. पहिली बाई दिवाळीला गावी गेली ती आली नाही. दुसऱ्या मावशी जिवाला जीव देणाऱ्या होत्या, पण पडून असलेल्या माणसाला वळवायचे कसे हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. आत्यांच्या माकडहाडाशी जखम झाली, ती भरायला दोन महिने लागले. मी मावशींना दोष देत नाही. मलाही ते कोणी शिकवले नव्हते. दवाखान्यातून निघताना हातात औषधांची चिठ्ठी होती, बाकी काही नाही.

माझी अर्जित रजा संपली, अर्धपगारी संपली, पुढे बिनपगारी. फेब्रुवारीपासून हळदीचे सौदे जोरात, तेव्हा यजमानांना रजा मिळणे शक्य नव्हते. मग उरला मुलगा. नातेवाईक, शेजारी, खरे सांगायचे तर आम्ही दोघेही, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होते, "तो घरीच असतो की!" चोवीस वर्षांच्या त्या पोराने आजीचे सगळे केले. पहिल्यांदा डायपर बदलला तेव्हा आत्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले आणि हा बाहेर येऊन बराच वेळ ओट्यावर बसून राहिला. पुढे दोघांनाही सवय झाली. पूर्वपरीक्षेत तो थोड्या गुणांनी राहिला. त्याचे कारण आजीच, असे मी म्हणणार नाही. पण पुस्तक उघडे आणि कान आतल्या खोलीकडे, असे त्याला मी सात महिने पाहिले आहे. तो मात्र एका शब्दाने बोललेला नाही.

पावसाळ्यात आणखी एक धास्ती. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा आत्या स्वतःच्या पायांनी माडीवर चढल्या होत्या, बोटीतही बसल्या होत्या. आता इशाऱ्याची पातळी ४० फूट, धोक्याची ४५, हे आकडे मोबाइलवर पाहत मी मनाशी हिशेब करते, की पलंगावरच्या माणसाला किती फुटांना हलवायला घ्यायचे. आमच्या प्रभागात अंथरुणाला खिळलेली माणसे किती, कोणत्या घरात, याची यादी पावसाळ्याआधी महापालिकेकडे असायला नको का?

आई-वडिलांना टाकून देणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही, होऊ शकते. असायलाच हवा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न घालता वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत, पण दवाखान्यात दाखल झाले तर. घरी आणल्यावरच्या ड्रेसिंगला, बाईच्या पगाराला त्याचा उपयोग नाही. राज्य सरकारने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. मुलगी बारावीला असताना त्यातले तीस दिवस मी घेतले. अभ्यास तीच करत होती, मी तिला वेळेवर जेवायला वाढत होते. तेवढ्यासाठी भरपगारी रजा मिळाली याचे समाधान आहे. पण ज्या माणसाला घोटभर पाणीही दुसऱ्याच्या हातून घ्यावे लागते, त्याच्यासाठी अशी वेगळी रजा नाही. सरकारी नोकरीत ही गत, मग अडत दुकानातल्या दिवाणजीने कोणाकडे मागायची?

ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रे आहेत, आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्यांचे गट आहेत. तिथे चालत जाता येणाऱ्यांसाठी ते छानच आहे. आमचे मागणे वेगळे आहे. महापालिकेच्या एखाद्या सभागृहात दिवसा माणसे सांभाळण्याची सोय करा. दहा पलंग, शिकलेल्या दोन-तीन मदतनीस, आठवड्यातून दोनदा परिचारिका. फुकट नको, परवडेल असे पैसे आम्ही देऊ. सकाळी सोडू, संध्याकाळी घेऊन जाऊ. ज्यांना हलवता येत नाही त्यांच्या घरी यायला त्याच मदतनीस तयार करता येतील. मिरजेसारखे वैद्यकीय गाव शेजारी असताना घरच्या माणसांना आणि अशा मावशींना पंधरा दिवसांचे शिक्षण देणे अवघड आहे, हे मला पटत नाही.

गावभाग आणि खणभागात अशी आणखी पाच घरे मला माहीत आहेत. एका घरी तर सत्तरीची बायको पंचाहत्तरीच्या नवऱ्याला उचलते. आम्ही सहा जण सह्या करून महापालिका आयुक्तांना अर्ज देणार आहोत. अर्ज देताना मलाच जावे लागेल, म्हणून वार शनिवार-रविवार सोडून कोणता ते अजून ठरायचे आहे. त्या दिवशी आत्यांजवळ बसायला मुलगी पुण्याहून येते म्हणाली आहे. मुलाला मात्र त्या दिवशी वाचनालयात पाठवणार आहे.

आपली,
एक वाचक,
गावभाग, सांगली