कोणीनाही आणि ओडिसिअस

पुणे

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

होमरच्या ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्यावरून मी लिहिलेल्या ओडिसिअसच्या गोष्टीच्या हस्तलिखितावर तू समासात केलेल्या नोंदी मी दोनदा वाचल्या. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी गोष्ट ट्रॉय शहराच्या पाडावापासून, म्हणजे ओडिसिअस युद्ध संपवून घरी निघतो तिथपासून, सरळ क्रमाने सांगावी ही तुझी सूचना मला प्रथम पटली आणि तसा एक खर्डाही मी केला. परंतु त्यात राक्षस, चेटकीण आणि वादळे एकामागून एक येत गेली आणि माणूस मात्र हरवला. मूळ काव्याच्या 24 सर्गांपैकी पहिल्या चारांत ओडिसिअस प्रत्यक्ष येतच नाही. तिथे आहे तो बापाचा चेहराही न आठवणारा त्याचा मुलगा टेलेमाकस. पुढे राजा अल्किनूसच्या सभेत आंधळा गायक लाकडी घोड्याचे आख्यान गातो, ते ऐकून एका अनोळखी पाहुण्याला रडू आवरत नाही आणि राजा त्याला नाव विचारतो. सगळी प्रसिद्ध साहसे, म्हणजे नववा ते बारावा सर्ग, त्या एका प्रश्नाचे उत्तर आहेत. म्हणून मूळचाच क्रम मी ठेवला आहे.

गुहेच्या प्रकरणाने मला सर्वांत जास्त दिवस अडवले. ज्याच्या गुहेत तो सोबत्यांसह अडकतो, त्या एकडोळ्या राक्षसाला, पॉलिफिमसला, ओडिसिअस आपले नाव ‘कोणीनाही’ असे सांगतो. ग्रीकमध्ये डोळा फुटलेला राक्षस ‘कोणीनाही मला मारतो आहे’ अशा अर्थाचे पूर्ण वाक्य ओरडतो आणि शेजारी फसतात. आपण मात्र ‘मला कोणी नाही मारत’ असे म्हणतो; क्रियापदाचे रूपच बदलते आणि गंमत निसटते. अखेर मी ते वाक्य मोडले. शेजारी बाहेरून विचारतात, “कोण मारतंय रे तुला?” आणि आतून एकच शब्द येतो, “कोणीनाही!” मला वाटते, हे मराठी कानाला पटेल.

सहा सोबती खाल्ले जातात तो भाग गाळावा असे तू लिहिले आहेस. मी वर्णन काढले, आकडा ठेवला, कारण धोका खरा नसेल तर युक्तीला किंमत राहत नाही. त्याहून महत्त्वाचा मला पुढचा प्रसंग वाटतो. जहाज सुटल्यावर सोबती हात जोडून विनवीत असतानाही ओडिसिअस अभिमानाने आपले खरे नाव, बापाचे नाव आणि गाव ओरडून सांगतो, आणि त्या नावानिशीच पॉलिफिमस आपल्या बापाकडे, समुद्रदेव पोसायडनकडे, शाप मागतो: हा घरी पोहोचलाच तर उशिरा, सारे सोबती गमावून, परक्यांच्या जहाजातून पोहोचावा. तो शाप शब्दशः खरा ठरतो. नायकाची ही चूक झाकली, तर पुढची सारी वर्षे निव्वळ दुर्दैव ठरतील, आणि मुलांना तसे सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

शेवटी ओडिसिअस घरी परतून आपल्या बायकोला मागणी घालणाऱ्यांना मारतो आणि त्यांना सामील झालेल्या 12 दासींना फाशी दिली जाते, त्याविषयी तुझी अस्वस्थता माझीही आहे. तो प्रसंग मी एका वाक्यात सांगितला आहे. त्यात विजयाचा सूर येऊ दिलेला नाही.

सोबत आर्गोस कुत्र्याचे प्रकरण पाठवतो आहे. मूळ काव्यात त्याला चाळीसहूनही कमी ओळी आहेत आणि मीही त्या वाढवलेल्या नाहीत. भिकाऱ्याच्या वेषातल्या धन्याला, 20 वर्षांनंतर, नाव न विचारता ओळखणारा तो पहिला. उकिरड्यावर पडलेला, उठण्याचे बळ नसलेला, केवळ शेपूट हलवणारा. ओळख उघड होऊ नये म्हणून ओडिसिअस त्याच्याजवळ जाऊही शकत नाही, फक्त तोंड वळवून डोळे पुसतो. हे प्रकरण तुझ्या धाकटीला मोठ्याने वाचून दाखव आणि ती तुला कुठे थांबवते, काय विचारते, ते मला जसेच्या तसे कळव.

तुझा,
अनंत